दोन कंपन्या आणि एक आत्या

रविवार, १७ मार्च

प्रिय आत्या,

तुला नमस्कार, आणि तुझ्या त्या तिघी मैत्रिणींनाही. मी बरी आहे. वेळेवर झोपते. वेळेवर जेवते असंही लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? खोली अजून तीच, चौथ्या मजल्यावरची. खिडकीच्या फटीतून वारा येतो आणि टेबलावरचे कागद उडतात, म्हणून हे पत्र एका हाताने दाबून धरून लिहिते आहे. अक्षर वाकडं दिसलं तर त्याला वारा जबाबदार.

तुझं पत्र मी जिन्यातच उभी राहून वाचलं. आधी हसले, कारण शेवटी त्या तिघींपैकी मास्तरीणबाईंनी आपल्या टपोऱ्या अक्षरात जोडलं होतं, "तुझी आत्या हट्टी आहे. तिला पटेल असं नको, समजेल असं लिही." मग जरा डोळे भरून आले. मी काय शिकले ते वापरून घरातल्या कुणीतरी मला पहिल्यांदाच काही विचारलंय. बाबांच्या लेखी मी 'कॉम्प्युटरचं काहीतरी' शिकले आणि आता 'कॉम्प्युटरवर बसते'. आई शेजारी सांगते की मी एका मोठ्या दवाखान्यात आहे. आणि तू सरळ विचारलंस, "छापखान्यातून निवृत्त होताना मिळालेले पैसे दहा वर्षं हलवायचे नाहीत. या दोन कंपन्यांपैकी कुठे ठेवू?" आत्या, पदवी हातात घेताना वाटलं नव्हतं इतकं मोठं मला त्या जिन्यात वाटलं. थॅंक यू.

आता कामाचं. या दोन्ही कंपन्या एकाच जातीच्या. अहवालात त्यांना अ‍ॅप्लिकेशन सर्व्हिस प्रोव्हायडर म्हणतात. नावाला घाबरू नकोस. या कंपन्या सॉफ्टवेअर विकत नाहीत, भाड्याने वापरायला देतात. सॉफ्टवेअर राहतं त्यांच्या मशीनवर, त्यांच्या इमारतीत. गिऱ्हाईक आपल्या जागी बसून इंटरनेटवरून ते वापरतं आणि दर महिन्याला भाडं भरतं. बिघडलं तर दुरुस्ती कंपनीची. म्हणजे अशी कंपनी पाहताना एकच गोष्ट मुख्य असते, भाडेकरू किती, कसे, आणि टिकतात का.

मी नोकरी करते ती कंपनी दवाखान्यांना आणि रुग्णालयांना सॉफ्टवेअर देते. रुग्णांच्या वेळा, तपासण्या, बिलं. गिऱ्हाइकं थोडी पण मोठी, आणि वर्षानुवर्षं टिकलेली. शेअर स्वस्त आहे, नफा चांगला आहे. दुसरी कंपनी लहान दुकानांना बिलं आणि मालाचा हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर देते. गिऱ्हाइकं हजारोंनी, प्रत्येकाचं भाडं किरकोळ. दर वर्षी काही सोडून जातात, त्याहून जास्त नवी येतात. जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा जातो, त्यामुळे नफा बारीक. आणि शेअर महाग.

एवढंच वाचून थांबलीस तर तू आमची घेशील. थांबू नकोस. आमच्या वार्षिक अहवालात मागच्या बाजूला, बारीक टाइपात, एक ओळ आहे. कंपनीच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा एकाच रुग्णालय समूहाकडून येतो. शिवाय मशीनसाठी काढलेलं कर्ज आहे. तुमच्या छापखान्याच्या हातून पाठ्यपुस्तकांचं कंत्राट गेलं तेव्हा दुसरी पाळी बंद झाली होती, आठवतं? त्या वेळी तूच म्हणाली होतीस, एका खांबावर मांडव घातला की खांबाच्या तब्येतीची काळजी करत बसावं लागतं. दुसऱ्या कंपनीत कुठलंही एक दुकान उद्या बंद पडलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही. कर्जही नाही. शेअर महाग आहे हे खरं. पण दहा वर्षं हलवायचे नसतील तर मी स्वस्ताईपेक्षा खांब मोजेन.

म्हणून माझं मत, दुसरी घे. आणि सगळे पैसे घालू नकोस. अर्धे बँकेतच राहू देत.

तू लिहिलंयस, "तू जिथे आहेस ती कंपनी वाईट कशी असेल?" अगं, वाईट नाहीच आहे! मला ती मनापासून आवडते. गिऱ्हाईक सोडून जायला निघालं तर त्याची सगळी माहिती नीट बांधून त्याच्या हातात देतात, अडवून धरत नाहीत. हे काम करणाऱ्या गटातच मी आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण मी आल्यामुळे कंपनीचा नफा वाढलेला नाही, उलट एक पगार वाढलाय. प्रेम वेगळं आणि शेअर वेगळा.

एक गोष्ट आत्ताच ठरवून टाकू. मी आतली माणूस आहे. उद्या मला कंपनीतलं काही कळलं, चांगलं किंवा वाईट, तर ते जाहीर होईपर्यंत कुणालाही सांगणं हा गुन्हा आहे. नुसतं सुचवणंसुद्धा. म्हणून वर लिहिलंय ते सगळं छापील अहवालातलं आहे, कुणालाही वाचता येईल असं. आणि हे माझं पहिलं आणि शेवटचं मत. यापुढे या शेअरबद्दल मी बोलणार नाही. माझ्या गप्प बसण्याचा काही अर्थ काढू नकोस. मी सदासर्वदा गप्पच असेन.

हे वाचून तू म्हणशील, "ही आणि गप्प?" म्हण.

बाबांना माझा नमस्कार सांग. आणि तुझी ठेव मोडून पैसे हातात आले की इकडे ये ना एकदा. ऑफिसातली माझी खुर्ची बघून जा.

तुझी,
भाची


रविवार, २ जून

प्रिय आत्या,

कशी आहेस? खिडकीच्या फटींवर तू कागदाच्या पट्ट्या चिकटवून गेलीस, त्या अजून जागच्या जागी आहेत. वारा बंद झालाय. पत्र लिहिताना आज दोन्ही हात मोकळे आहेत, त्यामुळे वाकड्या अक्षराला सबब उरली नाही. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीने पट्ट्या पाहिल्या आणि विचारलं, "कुणी केलं हे? इतकं सरळ?" मी म्हटलं, माझी आत्या छापखान्यात बांधणी विभागात होती. तिने मला तुझं वय विचारलं, आणि तू परत कधी येणार तेही. तिच्याकडेही दोन खिडक्या आहेत.

ऑफिसात बरं चाललंय. म्हणजे बरं नाही, तुला माहीतच आहे. पण मी कामावर आहे. आमच्या गटाच्या प्रमुख मॅडमनी गटातल्या कुणालाही काढलेलं नाही. आता आम्ही लहान दवाखान्यांकडे जातो. एका दातांच्या डॉक्टरांनी परवा माझ्याकडून सगळं समजून घेतल्यावर विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण तुमचं दुखतंय का काही?" माझा चेहरा तसा होता म्हणे.

चेहऱ्यावरून आठवलं असं लिहून मी पुढे सरकणार होते. पण आठवलं वगैरे नाही, पहिल्या ओळीपासून मी तिथेच घुटमळते आहे. तेव्हा लिहूनच टाकते.

तू आलीस त्याच्या आदल्या आठवड्यात मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं की तो मोठा रुग्णालय समूह आपल्याला सोडून जाण्याच्या तयारीत आहे. त्यांची माहिती बाहेर काढून द्यायची चाचणी गुपचूप करायची होती आणि ते काम माझ्याकडे आलं. कुठे बोलणार नाही असं मी सही करून दिलं. दुसऱ्या दिवशी तुझा फोन, "शनिवारी येते. सोमवारी ब्रोकरकडे जाऊन शेअर घेऊन टाकायचे आहेत, त्याआधी तुझी खुर्ची बघते." मी विचारलं, "कुठले?" तू म्हणालीस, "कुठले काय? आपले!"

आत्या, मला तेव्हा तुझा इतका राग आला. एवढं मोठं पत्र लिहिलं, खांब मोजून दाखवले, आणि तू ठरवलंस काय, तर भाची आहे तिथे पैसे. चूक केलीस तर तीसुद्धा मायेची. मला ओरडताही येईना. दोनच दिवस आधी मी हक्काने फोनवर भांडले असते, "अगं दुसरी घे म्हटलं ना!" पण आता तेच वाक्य माझ्या तोंडी वेगळं झालं होतं. पत्रातलंच मत, तेच शब्द, पण आता त्यांच्यामागे मला माहीत असलेलं काहीतरी उभं होतं. म्हणून मी "हं" म्हटलं.

तू आलीस त्या शनिवारी मी किती बोलले तुला आठवतंय? मी अखंड बोलत होते. शिंपिणीबद्दल, बसच्या वेळांबद्दल, बुटांबद्दल. तू खिडकीच्या पट्ट्यांसाठी खळ शिजवत होतीस आणि मी शेजारी उभी राहून तुला चमचे प्रकारवार लावून दाखवत होते. मग ऑफिस. तू माझ्या खुर्चीवर बसलीस, दोनदा गोल फिरलीस, आणि मॅडम समोरून आल्या. तू सरळ त्यांनाच विचारलंस, "काय हो, कंपनी कशी आहे तुमची?" मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "चहा चांगला असतो. घेणार?" तू म्हणालीस, "दोन साखर."

आणि बस सुटण्याआधी तू पायरीवरून वळून विचारलंस, "मग? सोमवारी सही करते. काही सांगायचंय?"

मी म्हटलं, "पत्रात लिहिलंय तेच."

तू माझ्याकडे पाहिलंस. थोडा जास्तच वेळ. मग पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलीस आणि म्हणालीस, "बरं. परत खळ करायची झाली तर पीठ आधी गार पाण्यात कालव. गरम पाण्यात टाकलंस तर गुठळ्या होतील." बस गेली. मी चालत घरी आले. वाटेत कितीदा तरी वाटलं, फोन करावा आणि नुसतं म्हणावं, "आत्या, एक आठवडा थांब." इतकंच. कारण सांगायचं नाही. पण ते सांगितल्यासारखंच होतं, आणि मला ते कळत होतं.

बातमी जाहीर झाली त्या दिवशी शेअर जवळजवळ निम्म्यावर आला. मी तुझ्या फोनची वाट पाहत बसले. आला मास्तरीणबाईंचा.

"आम्ही तिघींनी तुझं पत्र वाचलं आणि दुसरी घेतली," त्या म्हणाल्या. "तुझ्या आत्याने पत्र नुसतं कुरवाळलं. एक प्रश्न विचारते, सरळ उत्तर दे. तुला ठाऊक होतं?"

"हो."

"ती तुझ्याकडे आली होती तेव्हाही?"

"हो."

"वा! आणि खिडक्या चिकटवून घेतल्यास तिच्याकडून!"

त्यांनी फोन ठेवला. आत्या, त्यांच्यावर मी चिडलेले नाही. तुझ्या बाजूने कुणीतरी इतकं कडाडून बोलावं याचं मला बरंच वाटलं. पण त्या एका वाक्याने मी दिवसभर कामाची राहिले नाही.

संध्याकाळी मी तुला फोन केला. रडत-रडत सांगायला लागले आणि तू मध्येच म्हणालीस, "माहीत आहे मला. बसच्या पायरीवरच कळलं होतं. तू इतकी कधी बोलत नाहीस, आणि मुद्द्याचं एकही वाक्य नाही! चमचे काय लावतेस, बूट काय दाखवतेस."

"मग घेतलेस कशाला?" मी ओरडलेच.

"तुझ्या तोंडावर वाचून मी माघार घेतली असती, तर तू न सांगूनही सांगितल्यासारखंच झालं असतं ना गं? मग तू एवढा जीव कोंडून घेतलास तो कशासाठी?"

मी भरपाईचं काहीतरी बोलायला गेले. दर महिन्याला पगारातून. तू इतक्या जोरात "ए!" म्हणालीस की मी फोन कानापासून लांब धरला. आणि मग ते सांगितलंस जे मला आयुष्यात कधी माहीत नव्हतं.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचे पेपर तुमच्या छापखान्यात छापले होते. तू गोपनीय विभागात होतीस, घड्या घालून गठ्ठे बांधायला. तू नियमाप्रमाणे साहेबांना सांगितलंस की भाची या परीक्षेला बसते आहे. ते म्हणाले, "भाचीच ना? मुलगी नाही ना? मग चालेल, माणसं कमी आहेत." आणि तू संख्याशास्त्राचा पेपर हातांनी घडी केलास, जो विषय मला येत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यानंतर परीक्षा संपेपर्यंत तू आमच्या घरी पाऊल टाकलं नाहीस. मी रुसले होते. आईला म्हटलं होतं, "आत्याला माझी काही पडलेली नाही, शुभेच्छा द्यायलासुद्धा आली नाही." मी त्या पेपरात नापास झाले, पुन्हा बसले, आणि त्या दुसऱ्या खेपेची फी तूच भरलीस. एका शब्दाने बोलली नाहीस.

"घरी आले असते तर तू विचारलं असतंस, काय करू, काय वाचू," तू फोनवर म्हणालीस, "आणि माझं तोंड तुझ्यापेक्षा वाईट आहे. सगळं दिसतं त्यावर. म्हणून आलेच नाही. तू निदान मला जेवू तरी घातलंस."

मी फक्त रडत राहिले आणि तू म्हणालीस, "बिल वाढतंय, ठेव."

म्हणून हे पत्र. फोनवर जे बोलता आलं नाही ते लिहायला बसले आणि पाहा, कुठून सुरुवात केली, खिडकीपासून.

मला वाटायचं की खरेपणा मी पुस्तकांतून आणला. घरातली पहिली शिकलेली ना मी! नियम, कायदा, विश्वास, हे शब्द घरात माझ्याबरोबर आले असं मला खरंच वाटायचं. आत्या, माझं ते वाटणं चुकीचं ठरलं याचा आज इतका आनंद होतोय की सांगता येत नाही. त्या बसथांब्यावर मी एकटी नव्हते. समोर पायरीवर उभी असलेली माझ्याच जातीची होती.

तरीही एक लिहिते, कारण आता आपल्यात झाकपाक नको. तू ते शेअर घ्यायला नको होतेस. माझ्या चेहऱ्यामुळे नाही, माझ्या पहिल्या पत्रामुळे. ते पत्र चांगलं होतं. त्यात सगळं होतं. मास्तरीणबाईंना सांग, त्यांना पैकीच्या पैकी. त्यांनी तुला चिडवलं तर मी त्यांच्या बाजूने आहे.

पण तू काल कळवलंस की विकणार नाहीस. "दहा वर्षं म्हटलं होतं, दीड महिना नाही." बरोबर की चूक, ते मी सांगणार नाही. पुढची दहा वर्षं सांगणार नाही. लहान दवाखाने येताहेत की नाही, मॅडम हसतात की नाही, मला बढती मिळते की नाही, तुला सगळं इतर भागधारकांबरोबर, छापील कागदावरच कळेल. माझ्याकडून फक्त शिंपिणीच्या बातम्या.

ऑगस्टमध्ये कंपनीची वार्षिक सभा आहे. बोलावणं तुलाही येईल, ज्याच्याकडे एक जरी शेअर आहे त्याला येतं. ये. पुढच्या रांगेत बस. पुन्हा एकाच खांबावर मांडव घालणार का, हे व्यासपीठावरच्या माणसांना उभं राहून विचार. त्यांना उत्तर द्यावं लागेल. आम्ही नोकरमाणसं मागच्या भिंतीला टेकून उभी असतो. मी तुला तिथून बघेन. तू विचारशील तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय दिसायचं ते दिसू दे. तू मागे वळू नकोस म्हणजे झालं.

रात्री माझ्याकडेच राहा. दोन साखरेचा चहा मी करेन.

तुझ्या कंपनीत नोकरी करणारी,
तुझी भाची